इमारतीतली शाळा, अंगणातली शाळा



रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा बालवाडीवरच लिहायचं हे माझं ठरलेलंच होतं. माझी बरीच वर्षं तीन ते सहा वयाच्या मुलांत गेली. शिवाय आपल्या तळमजल्यावरच्या खोलीत सकाळी भरणाऱ्या बालवाडीचं पुढे काय करायचं, हा विषय येत्या वार्षिक सभेपुढे आहे. खोली भाड्याने दिली तर मेंटेनन्सला हातभार लागेल, असं काही सभासदांचं म्हणणं आहे. पैशांची ओढाताण मलाही दिसते. पण हात वर करण्याआधी बालशिक्षणाचा थोडा इतिहास वाचून घ्यावा, एवढीच विनंती. कारण त्या इतिहासात एक बिल्डिंग आहे, तिचा जिना आहे आणि चक्क दुरुस्तीचा खर्चसुद्धा आहे!

गोष्ट रोम शहरातल्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीतली. तिथल्या पडीक इमारती एका गृहनिर्माण संस्थेने दुरुस्त करून भाडेकरूंना दिल्या. आईवडील दोघंही कामाला जात. शाळेच्या वयाची मुलं शाळेत आणि त्याहून लहान दिवसभर मोकळी. ती जिन्यात धुडगूस घालत, नव्या रंगवलेल्या भिंती खराब करत. संस्थेचे प्रमुख एदुआर्दो तालामो यांनी हिशेब केला. भिंती पुन्हा पुन्हा रंगवण्यावर जो पैसा जाणार, त्याच पैशात इमारतीतली एक खोली मुलांना देऊन त्यांच्यावर लक्ष ठेवणारी बाई नेमता येईल. हे काम त्यांनी डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्याकडे सोपवलं. ६ जानेवारी १९०७ रोजी पन्नासेक मुलांना घेऊन ही खोली सुरू झाली. तिचं नाव ‘कासा देई बाम्बिनी’, म्हणजे मुलांचं घर.

या घराचे नियम आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर शोभावेत असे होते. फी नाही, पण मूल स्वच्छ करून पाठवायचं. बाईंनी त्याच इमारतीत राहायचं. आईने आठवड्यातून एकदा तरी बाईंना भेटून मुलाबद्दल बोलायचं. म्हणजे शाळा आणि घर यांच्यात अंतर किती, तर एका जिन्याचं.

त्या खोलीत मॉन्टेसरीबाईंनी मुलांना उचलता येतील अशा छोट्या खुर्च्या ठेवल्या, मुलांचा हात पोचेल अशी बुटकी कपाटं ठेवली आणि मग त्या नुसत्या बघत राहिल्या. तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे आपापल्या भोकात बसवत होती. काढायची, परत बसवायची. बाकीच्या मुलांना गाणं म्हणायला लावलं, तिची खुर्ची तिच्यासकट उचलून टेबलावर ठेवली, तरी तिचं काम चालूच. चाळीसहून जास्त वेळा तिने ते केलं आणि मग हसतमुखाने थांबली. लहान मुलाचं लक्ष टिकत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. टिकतं हो! फक्त काम त्याच्या मनाजोगतं पाहिजे आणि मोठ्या माणसाने मध्ये मध्ये बोलता कामा नये.

त्याच १९०७ साली बेल्जियममध्ये ब्रुसेल्सजवळ ओविड डेक्रोली या डॉक्टरांनी एक शाळा काढली. मॉन्टेसरीबाई काय किंवा डेक्रोली काय, दोघांनीही आधी मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांसोबत काम केलं होतं. डेक्रोली म्हणाले, भाषा वेगळी, गणित वेगळं, निसर्ग वेगळा, असे तुकडे मुलाच्या डोक्यात नसतात. त्याला भूक लागते, थंडी वाजते, भीती वाटते, काहीतरी करावंसं वाटतं. तेव्हा अन्न, ऊन-पावसापासून बचाव, धोक्यापासून संरक्षण आणि काम असे विषय घ्यावेत आणि सगळं शिकणं त्यांच्याभोवती गुंफावं. आधी प्रत्यक्ष पाहायचं, मग त्याचा माहीत असलेल्या गोष्टींशी संबंध लावायचा आणि शेवटी बोलून, चित्र काढून, मातीत घडवून ते सांगायचं. आज बालवाडीत आपण ‘या आठवड्याचा विषय’ म्हणतो, त्याचं एक मूळ इथे आहे.

आपल्याकडे हे वारं आलं ते गुजरातमार्गे. गिजुभाई बधेका पेशाने वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मॉन्टेसरीबाईंच्या पुस्तकापर्यंत पोचले आणि वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले. १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर काढलं. गोष्टी सांगणारे, नाटकं करणारे हे गिजुभाई लोकांत ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, म्हणून ओळखले जात. १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयातलं प्राचार्यपद सोडून त्या बालमंदिरात आल्या होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

पण दादरच्या मध्यमवर्गीय मुलांपाशी त्या थांबल्या नाहीत. १९४५ साली, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि सहा महिन्यांतच विधवा झालेल्या अनुताई शिकून शिक्षिका झाल्या होत्या. बोर्डीत मॉन्टेसरीचं महागडं साहित्य परवडणार कुठून? मग बिया, शंख-शिंपले, पानं, खडे, माती हेच साहित्य झालं. मोजायला चिंचोके, वर्गवारी करायला शिंपले. मुलांच्या पायाखालीच शाळा होती म्हणा ना.

तरीही गरीब वस्तीतली मुलं येईनात. कुणाला धाकटं भावंडं सांभाळायचं, कुणाला आंघोळ घालून पाठवणारं घरी कुणी नाही. यावर ताराबाईंनी काढलेला उपाय अगदी साधा होता. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा मुलांकडे जाईल. शिक्षिका वस्तीत जायच्या, एखाद्याच्या अंगणात मुलं गोळा करायच्या, त्यांना न्हाऊ-माखू घालायच्या आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू. शाळा अंगणात भरली म्हणून अंगणवाडी. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारल्यांची मुलं गुरं चारायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली आणि तिचं नाव झालं कुरणशाळा. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगावी पोचला.

आता आपल्या खोलीकडे येऊ. गेल्या पावसाळ्यात ‘पाणी’ हा विषय घेतला होता. मुलांनी पागोळ्यांखाली वाट्या ठेवल्या आणि कुठली आधी भरते ते पाहिलं. पान तरंगतं, खडा बुडतो, आणि बटाटा? आधी प्रत्येकाने अंदाज सांगायचा, मग टाकून बघायचं. वॉचमनकाकांनी पंप सुरू केल्यावर खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत कसं चढतं, ते मुलांनी कान देऊन ऐकलं. आजी-आजोबांना विचारून आले, ‘तुमच्याकडे विहीर होती का?’ यात मोजणं आलं, नवे शब्द आले, विज्ञान आलं, शेजारपणही आलं. कुणाच्या हातात पेन्सिल दिली नाही. कागद फाडणं, माती मळणं, मणी ओवणं यातूनच बोटं लिहिण्यासाठी तयार होतात. मुलाने निळा बेडूक काढला तर तो निळाच राहू द्यायचा आणि ‘तुझा बेडूक कुठे निघालाय?’ असं विचारायचं. उत्तरासाठी थांबायचं. मार्गदर्शन म्हणतात ते एवढंच असतं, आणि तेच सगळ्यात अवघड.

काही पालक विचारतात, ‘बाई, एबीसीडी कधी?’ त्यांची काळजी मी समजू शकते. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ ही वर्षं एकच पायाभूत टप्पा मानली आहेत आणि या वयात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. पाया भरताना वरच्या मजल्याच्या टाइल्स कुणी लावत नाही, हे आपल्या बांधकामाच्या वेळी आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे.

लांबच्या शाळेची व्हॅन तीन वर्षांच्या मुलाला अर्धा-पाऊण तास फिरवते. आपल्या खोलीत ते आजीचं बोट धरून, चपला उलट्या घालून, दोन मिनिटांत येतं. रोमच्या संस्थेने दुरुस्तीच्या पैशातून मुलांची खोली चालवली. ताराबाईंकडे तर खोलीही नव्हती, त्यांनी अंगण घेतलं. आपल्याकडे खोली आहे, अंगण आहे, आणि पाणी कसं चढतं ते दाखवणारे वॉचमनकाकाही आहेत.

सभेपुढे माझी सूचना अशी : खोली संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी कार्यक्रमांना भाड्याने द्यावी, मेंटेनन्सला तेवढी मदत होईलच. सोमवार ते शुक्रवार सकाळचे तीन तास मात्र ती मुलांच्या नावावर असावी. आणि मत देण्याआधी एखाद्या सकाळी दारात उभं राहून पाच मिनिटं बघून जा. आत आलात तर चप्पल बाहेर काढून या आणि जमिनीवर बसा, म्हणजे मुलांना तुमच्याशी बोलता येईल.