एकखांबी तंबू

मागच्या महिन्यात चार दिवस गावाला गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून फोन! मी लिहिलेलं रिपोर्टिंगचं टूल बंद पडलं होतं आणि ते परत कसं सुरू करायचं हे टीममध्ये फक्त मलाच ठाऊक. फोनवरून सांगून काम भागवलं. खरं सांगायचं तर मनातून जरा बरंच वाटलं. आपल्यावाचून अडतंय म्हणजे काय चेष्टा आहे? :-)

परत आल्यावर मॅनेजरने विचारलं, "हे टूल बाकीच्या टीम्सना द्यायचं का? तयार आहे का?" मी लगेच हो म्हणून मोकळा झालो. पण त्या शनिवारी अपाचेचा इतिहास वाचत बसलो आणि माझी हवाच गेली.

अपाचेचा जन्मच मुळी एक माणूस निघून गेल्यामुळे झाला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅककूलने एक वेब सर्व्हर लिहिला होता. तो फुकट होता आणि जगभर वापरात होता. १९९४ मध्ये मॅककूल तिथून बाहेर पडला आणि सर्व्हरचं काम थंडावलं. वापरणारे वेबमास्टर आपापले पॅच लावून दिवस ढकलत होते. १९९५ मध्ये त्यातल्या आठ जणांनी ते पॅच एकत्र केले आणि त्यातून अपाचे सर्व्हर उभा राहिला. १९९९ मध्ये त्याचं रीतसर फाउंडेशन झालं.

पुढे बाहेरचे प्रोजेक्ट अपाचेकडे येऊ लागले. त्यांना पारखायला २००२ मध्ये 'इन्क्युबेटर' सुरू झालं, म्हणजे अक्षरशः अंडी उबवायची पेटी. आत आलेल्या प्रोजेक्टला म्हणतात 'पॉडलिंग'. त्याला मेंटॉर मिळतात, आणि प्रत्येक रिलीजवर 'इन्क्युबेटिंग' हा शिक्का मिरवावा लागतो. शेवटी आधी प्रोजेक्टचे लोक, मग इन्क्युबेटरची समिती आणि मग फाउंडेशनचं बोर्ड, अशा तीन पायऱ्या चढल्या की ग्रॅज्युएशन.

आता गंमत बघा. या परीक्षेत कोड किती भारी आहे याला फारसे मार्क नाहीत. कोडची मालकी आणि लायसन्स स्वच्छ आहे का? निर्णय सगळ्यांसमोर होतात का? नवीन माणसांना आत घेता का? आणि माझ्या वर्मी लागलेली जुनी अट: एकमेकांपासून स्वतंत्र असे किमान तीन कमिटर हवेत, आणि कुठल्याही एका कंपनीवाचून प्रोजेक्ट अडता कामा नये.

सबव्हर्जनचंच घ्या. कोलॅबनेट कंपनीने २००० मध्ये ते सुरू केलं, २००४ मध्ये १.० आलं. २००९ पर्यंत ते जगभर रुळलं होतं, खुद्द अपाचेचा कोड त्यात होता. तरी नोव्हेंबर २००९ मध्ये त्याला पेटीत बसावंच लागलं! पण मतदान, एकमेकांचा कोड तपासणं या सवयी अंगात आधीपासून मुरलेल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये ते पास होऊन बाहेर.

उलट गूगल वेव्ह. गूगल मॅप्सवाल्या रासमुसेन बंधूंचं हे अपत्य २००९ मध्ये केवढ्या गाजावाजात आलं. वर्षभरातच, ऑगस्ट २०१० मध्ये, गूगलने हात काढून घेतला आणि डिसेंबरात वेव्हचा कोड इन्क्युबेटरमध्ये आला. कोड होता, नाव होतं. टिकून काम करणारी माणसं पुरेशी जमली नाहीत. सात वर्षं पेटीत राहून जानेवारी २०१८ मध्ये ते निवृत्त झालं. ग्रॅज्युएट न होताच.

बरं, पास झालं म्हणजे जन्माची खात्री झाली असंही नाही. ओपनऑफिसचे बरेच डेव्हलपर २०१० मध्ये वेगळे होऊन लिब्रेऑफिसकडे गेले. ओरॅकलने २०११ मध्ये उरलेला डोलारा अपाचेला दिला, ऑक्टोबर २०१२ मध्ये तो ग्रॅज्युएटही झाला. पण २०१६ मध्ये प्रोजेक्टच्या अध्यक्षांनाच तो बंद करायची वेळ आली तर काय, ही चर्चा काढावी लागली. सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त करायला माणसं अपुरी पडत होती. प्रोजेक्ट बंद झाला नाही, पण धडा मिळाला: ही परीक्षा एकदा देऊन संपत नाही.

हे सगळं वाचून मी आमच्या टूलची कमिट हिस्टरी उघडली. वरपासून खालपर्यंत एकच नाव. माझं! कोड चालतो हो, पण तंबू एकखांबी. आणि खांबाला फोन आला की आनंद होतो, हा त्याहून मोठा बग.

सोमवारी मॅनेजरला सांगितलं, अजून तयार नाही. टीममधल्या दोघांना कमिटचे हक्क दिले. त्यातल्या एकीने पहिल्याच दिवशी माझं एक लाडकं फंक्शन उडवलं. जरा टोचलं. टूल मात्र आधीपेक्षा नीट चालतंय.

दिवाळीत पुन्हा गावाला जाणार आहे. फोन आला नाही, तर टूल पास!