शब्दवेध : हापसा

जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीकडे हातपंपाला 'हापसा' म्हणतात आणि तो चालवणे म्हणजे 'हापसणे'. माझ्या कानाला त्यात 'हात' आणि 'उपसा' दोन्ही ऐकू येतात. यंत्राला माणसाच्या श्रमावरून हाक मारणारा हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. या यंत्रालाही इतिहास आहे. जुने बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापराचे. सारे गाव, विशेषतः बायापोरे, दिवसभर हापसू लागले की पंपांचे सांधे मोडत. म्हणून आपल्या जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी पोलादी पंप केला, दांडा एकाच आसावर फिरता ठेवला. तोच 'जालना पंप'. त्याच वाटेने पुढे सोलापूर पंप आला आणि 1970च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने 'इंडिया मार्क टू' हा हातपंप घडला. आज तो आफ्रिकेतल्या गावांतही पाणी देतो.