युगुलनृत्याची विद्या आणि तिचे संक्रमण

नृत्याचा इतिहास लिहिणारास एक अडचण नेहमीच जाणवते. गीताची संहिता उरते, सुरावटही लिहून ठेवता येते. परंतु दोघांनी परस्परांचा भार तोलून घेतलेली गिरकी त्यांच्या देहांबरोबरच लोपते. असे नृत्य लोकांना कसे गवसते आणि त्याचे शिक्षक कोठून येतात, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९२६ साली सॅव्हॉय नावाचे नृत्यगृह उघडले. तेथे कृष्णवर्णीय तरुणतरुणींच्या हातून स्विंग संगीताच्या ठेक्यावरील लिंडी हॉप हे युगुलनृत्य बहरले. त्याची शाळा नव्हती. पाहावे, कुणाचा तरी हात धरावा आणि चुकतमाकत शिकावे, हीच रीत होती. हे संगीत लवकरच मुंबईस पोहोचले. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला, आणि गोमंतकीय वादकांनी ही शैली आत्मसात केली. 'चिक चॉकलेट' या नावाने गाजलेले अंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकीच होत. मात्र त्या नृत्यगृहाचे दार गिरणगावातील मराठी माणसास खुले नव्हते. त्याच्यापर्यंत ही लय पोहोचली ती चित्रपटाच्या द्वारे.

येथे वर्धा नदीचा उल्लेख प्राप्त होतो. वर्धा व अमरावती या जिल्ह्यांची सीमा काही अंतर हीच नदी आखते. तिच्या पलीकडील अमरावतीस १९१३ साली भगवान आभाजी पालव, म्हणजेच भगवानदादा, यांचा जन्म झाला. गिरणी कामगाराच्या या मुलाने १९५१ साली 'अलबेला' काढला. संगीत सी. रामचंद्र यांचे होते आणि वादकांत चिक चॉकलेटही होते. भगवानदादांची पावले इतकी सोपी होती की ती वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत सहज उतरली. परंतु लोकांनी उचलले ते एकट्याने नाचावयाचे अंग. स्त्रीपुरुषांनी चारचौघांत हात धरून नाचणे समाजास मान्य नसल्यामुळे जोडीचे अंग मागेच राहिले. पडदा पाऊल शिकवू शकतो, पकड शिकवू शकत नाही, हेही त्याचे एक कारण म्हणता येईल.

या दुसऱ्या कारणास हार्लेमच्याच इतिहासात पुष्टी मिळते. सॅव्हॉयचे अग्रगण्य नर्तक फ्रँकी मॅनिंग यांचा जन्म १९१४ चा. म्हणजे ते भगवानदादांचे समवयस्कच. नृत्याचे दिवस सरल्यावर १९५५ पासून त्यांनी टपाल खात्यात नोकरी केली. सॅव्हॉयही १९५८ साली बंद झाले. पुढे जुन्या चित्रपटांतील नृत्य पाहून काही तरुणांना त्याचा ध्यास लागला. पण नुसत्या पाहण्याने त्याचे मर्म उलगडेना. तेव्हा १९८६ साली एरिन स्टीव्हन्स व स्टीव्हन मिचेल यांनी मॅनिंग यांस शोधून काढले व शिकविण्याची विनंती केली. त्यानंतर २००९ साली मृत्यू येईपर्यंत ते देशोदेशी शिकवीत राहिले. त्यांचे विद्यार्थीच पुढे शिक्षक झाले.

आता वर्धा जिल्ह्यातील अंगणाकडे वळू. फुगडी हेही भार तोलण्याचेच नृत्य होय. पावलांशी पावले भिडवून, हातांची अढी घालून दोघी मागे रेलतात. एकीच्या ओढीवर दुसरी उभी असते. एकीने हात सैल सोडला तर दोघीही पडतात. एकनाथ व तुकाराम यांनी या खेळाचे रूपक केले, आणि वारीत पुरुषही फुगडी घालतात. लिंडी हॉपशी तिचा काही ऐतिहासिक संबंध आहे असे नाही. पण दोहोंच्या शिक्षणाची रीत एकच आहे. थोरली बहीण धाकटीचे मनगट घट्ट धरते व 'मागे रेल, भिऊ नकोस' म्हणते, हाच पहिला पाठ. दंडफुगडी, बसफुगडी, एकहाती फुगडी हे प्रकार पुस्तकात नोंदविता येतील. ही ओढ नोंदविता येणार नाही.

यावरून एक निष्कर्ष निघतो. चित्रण कुतूहल जागविते. विद्या मात्र हातातून हातात जाते. हार्लेमचे सूत्र जुळले, कारण जाणता वृद्ध वेळेवर भेटला. आपल्या जिल्ह्यातील वृद्ध स्त्रियांकडे अभ्यासकाने जावे ते केवळ गीते टिपून घेण्यासाठी नव्हे. वही बाजूस ठेवून त्यांना एकवार हात द्यावा, हे अधिक अगत्याचे आहे.