एका श्रोत्यासाठी रचलेली ‘गीताई’

आज एखादा गायक घरच्या खोलीत एकटाच गाणी लिहितो, गातो, रेकॉर्ड करतो. मंडळी, वर्ध्यात ७ ऑक्टोबर १९३० रोजी विनोबा असेच एकटे ‘गीताई’ रचायला बसले. यंत्र नव्हतं, गळाच तो काय. आईला संस्कृत गीता कळेना. वामन पंडितांचं मराठीही तिला जड गेलं. मग तूच का करत नाहीस, असं ती म्हणाली होती. पण ती तर १९१८ मध्येच गेली! म्हणजे जिच्यासाठी रचायचं, ती ऐकायला नाही. तरी श्लोकाला श्लोक, म्हणता येईल असा, त्यांनी जुळवला. ६ फेब्रुवारी १९३१ ला काम संपलं. पुस्तक निघालं १९३२ मध्ये, तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. वर्ध्याला गोपुरीत आता हे श्लोक दगडांवर कोरलेत. मला मात्र ते कुणी म्हणताना ऐकायलाच आवडतात.