कोकणी, घाटी, वऱ्हाडी : नावे कुणी ठेवली, किंमत कुणी मोजली?



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासाचे काहीतरी लिहा, असा आग्रह कमिटीने धरला. मी काही लेखक नव्हे. नववीत शाळा सुटली आणि गिरणीच्या बदली पाळीत उभा राहिलो. जे थोडेफार वाचन झाले ते रात्रपाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकड्यावर. चुकले-माकले तर पोटात घालावे.

विषय मात्र शोधावा लागला नाही. मागच्या पावसाळ्याआधी विहाराच्या गच्चीच्या गळतीसाठी वर्गणी ठरवायला आपण बसलो होतो. बोलता बोलता एक जण म्हणाला, "कोकण्याचा हात काही लवकर खिशात जात नाही." दुसऱ्याने लगेच परतफेड केली, "आणि घाट्याला हिशेब कधी कळला?" सगळे हसले. मीसुद्धा हसलो. पण पुढचे दोन रविवार दोन घरची माणसे वंदनेला आली नाहीत. तेव्हा मनात आले की ही नावे आली तरी कुठून, आणि ती खरी तरी आहेत का, याचा एकदा नीट शोध घ्यावा.

आधी 'घाटी' घ्या. सह्याद्रीचा घाट उतरून आलेला तो घाटी. म्हणजे सातारा, सांगली, पुणे, नगर, सोलापूरकडचा माणूस. पण मुंबईत पेढीवर, हापिसात, मोठ्या सोसायटीच्या दारात हाच शब्द सरसकट सगळ्या मराठी कष्टकऱ्यांना लावला गेला. माझे वडील रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले. सबंध जन्मात घाट चढून वर गेले नाहीत. चाळीत ते शेजारच्याला "काय रे घाट्या" म्हणायचे, आणि गिरणीच्या गेटाबाहेर पेढीवाला त्यांनाच "ए घाटी" म्हणून हाक मारायचा. जे नाव आपण दुसऱ्याला ठेवले तेच फिरून आपल्या कपाळावर आले, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही!

आता 'कोकणी चिकट' हे पाहू. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली ताडदेवला निघाली. तेव्हापासून गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा मोठा भरणा राहिला. (सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच होता, तो १९८१ साली वेगळा झाला.) कोकणात जमीन तुकड्याची, पीक बहुतेक पावसाळ्यातल्या भाताचे. आपल्या लोकांकडे तर तीही नावापुरती. गावचे घर चालायचे ते मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर. पगाराच्या दिवशी आमचे वडील खानावळीचे पैसे बाजूला काढत आणि उरलेले घेऊन थेट पोस्टाच्या रांगेत जात. ज्याच्या पगारावर गावाकडची सात तोंडे जेवतात तो चहा पाजताना विचार करणारच. त्याला चिकट म्हणायचे की पोशिंदा?

घाटावरच्या माणसाला 'दांडगा, अडाणी' म्हणतात. तो मुंबईला बहुतेक वेळा दुष्काळाच्या रेट्याने आला. १९७२ चा दुष्काळ तर आपल्या ज्येष्ठांनी डोळ्यांनी पाहिला आहे. आलेल्याला काम मिळाले ते पाठीवर गोणी वाहण्याचे. मशीद बंदरच्या गोदामात दिवसभर ओझी वाहणाऱ्याची पाठ रुंद आणि आवाज मोठा होणारच. पण याच हमाल-माथाडी कामगारांनी संघटना बांधून १९६९ साली माथाडी कायदा करायला लावला. रोजंदारीवरच्या हमालाला भविष्य निर्वाह निधी आणि हक्काची रजा मिळवून देणारा माणूस अडाणी कसा?

आणखी एक कारण आपल्या समाजापुरते आहे. देशावर महारकी वतनाची पकड फार घट्ट होती. तुकडाभर जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात सबंध कुटुंबाने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची वेठ करायची. ही बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल मांडले. कोकणात ही पकड त्या मानाने सैल होती. म्हणून कोकणातला आपला माणूस आधी पलटणीत आणि मुंबईत पोचला. विदर्भात आपले लोक हातमागावर जाडेभरडे कापड विणत आणि बाजारात विकत. म्हणून तिकडे चार पैसे आणि शाळा थोड्या आधी आल्या. मग आपण म्हणू लागलो, कोकणी हुशार, घाटी मागासलेला, नागपूरवाला बोलण्यात पटाईत. हा कुणाच्या रक्ताचा गुण नव्हता, कुणाच्या पायातली बेडी किती जड होती त्याचा फरक होता.

आता या नावांची किंमत कशी मोजावी लागते ते पाहा. आपल्या माणसाला गिरणीत रिंग खात्यात काम मिळे, पण विणाईच्या खात्यात, म्हणजे साळखात्यात, पाऊल टाकता येत नसे. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. आपल्या तोंडाचा धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा? बाटेल ना! आणि पगार जास्त कुठे, तर साळखात्यात. वर पुन्हा सांगायला मोकळे, की यांच्या हाताला विणाईची कला नाही. ज्या लोकांच्या भाऊबंदांनी विदर्भात पिढ्यान् पिढ्या हातमाग चालवला त्यांना मुंबईत सांगितले गेले की धोटा तुमचा नव्हे!

१९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्यांचा सहा महिने संप झाला. कामगारांच्या मागण्यांत साळखाते अस्पृश्यांना मोकळे करण्याची मागणीही असली पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. मालकाविरुद्ध एक व्हा म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले की आधी आपसातला हा भेद मोडणार की नाही? माझ्या वडिलांचा सगळा जन्म रिंग खात्यात गेला. १९८२ च्या संपानंतर ते परत कामावर गेलेच नाहीत. पुढे मी बदली म्हणून लागलो आणि काही वर्षांनी साच्यावर उभा राहिलो. त्या दिवशी घरी येऊन सांगितले तेव्हा म्हातारा काहीच बोलला नाही, नुसता माझे दोन्ही हात हातात घेऊन बघत बसला.

दुसरा दाखला लष्कराचा. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत आपले पूर्वज लढले, त्यांची नावे तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. पण १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या मताने उत्तरेकडचे लोक तेवढे लढवय्ये. मद्रास आणि मुंबई इलाख्याची माणसे मऊ. या 'लढवय्या जमाती'च्या खुळापायी १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. एका साहेबाच्या डोक्यातल्या समजुतीने हजारो घरांची भाकरी, पेन्शन आणि लष्करातली शाळा गेली. त्या शाळेचे मोल काय ते सुभेदार रामजी सकपाळांच्या घराकडे पाहून समजावे.

त्याविरुद्ध कोण उठले? कोकणातून दापोलीचे पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली अर्ज लिहिला. पुढे देशावरून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. एक कोकणी आणि एक घाटी, मागणी मात्र एकच. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

बाबासाहेबांच्या चळवळीला तर कुठल्या जिल्ह्याचे कुंपणच नव्हते. घराणे कोकणातल्या आंबडव्याचे, जन्म महूचा, शाळा साताऱ्याची आणि मुंबईची. १९२७ चा सत्याग्रह महाडला, १९३० चा नाशिकला, १९३५ ची घोषणा येवल्याला, १९५० चे मिलिंद महाविद्यालय तेव्हाच्या औरंगाबादेत आणि १९५६ ची धम्मदीक्षा नागपूरला. वामनदादा कर्डक नाशिक जिल्ह्याचे, पण त्यांची गाणी पाठ नाहीत असे कोकणातले एक तरी बौद्ध घर दाखवा. तेव्हा कुणी विचारले नाही की हा घाटी आमच्या भीमाचे गाणे कसा गातो.

इतके लिहिल्यावर एक गोष्ट कबूल केली नाही तर हा लेख खोटा ठरेल.

२०१६ साली माझ्या थोरल्या मुलीला परभणीकडचे स्थळ आले. मुलगा शिकलेला, नवी मुंबईत नोकरीला, निर्व्यसनी. मुलीलाही पसंत होता. मी नकार दिला. कारण विचारले तेव्हा म्हणालो, "मराठवाड्याची माणसं तापट असतात, आपल्याला जमायचं नाही." मुलगी एवढेच म्हणाली, "पप्पा, भाषणात तुम्ही जात मोडा म्हणता आणि घरात जिल्हा विचारता." मी तिलाच गप्प केले.

दोन वर्षांनी ६ डिसेंबरला दादरला भोजनदानाच्या मंडपात मी भात वाढत होतो. शेजारी वरण वाढणारा माणूस त्या मुलाचा बाप निघाला. त्यांनी मला ओळखले, पण मागचे काही काढले नाही. दुपारी पाणी पिता पिता सहज म्हणून विचारले तेव्हा कळले, २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतरच्या दंगलीत त्यांचे घर जळाले. धान्यही जळाले. ते तेव्हा दहा वर्षांचे होते. ते म्हणाले, "दादा, आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. आमची माय मरेपर्यंत रात्री दोनदा उठून दाराची कडी बघायची." १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले, त्यासाठी ज्यांनी घरे गमावली त्या लोकांना मी घरात बसून तापट ठरवले होते. त्या मुलाचे तोवर दुसरीकडे लग्न झाले होते. माझी मुलगीही आज आपल्या घरी सुखी आहे. पण तो नकार मी परत घेऊ शकत नाही.

म्हणून का विभागाविभागांत काहीच फरक नाही? आहे की! आमच्याकडे तांदळाची भाकरी, घाटावर ज्वारीची, वऱ्हाडात वरण-भाताच्या पंगतीची तऱ्हा वेगळी. बोली वेगळी, लग्नातली गाणी वेगळी. हे फरक जपावेत, पोरांना सांगावेत. पण ज्वारी खाणारा अडाणी आणि तांदूळ खाणारा चिकट, हे काही ताटात वाढलेले नसते, ते आपण वरून शिंपडतो. भगवान बुद्धांनी तर माणूस जन्माने नव्हे, कर्माने ओळखावा असे शिकवले. मग जन्म कुठल्या तालुक्यात झाला यावरून माणसाची पारख आपण कशी करतो?

कमिटीपुढे माझी एकच सूचना आहे. आपल्या विहाराच्या वधू-वर नोंदवहीत 'विभाग : कोकण / घाट / विदर्भ / मराठवाडा' असा रकाना आहे. तो पुढच्या वहीत छापू नये. मूळ गाव ज्याला सांगायचे तो तोंडी सांगेल. पण नापसंतीचे कारण आपणच छापून देऊ नये.

हा लेख लिहिण्यासाठी मी विहाराच्या बांधकामाच्या वेळची जुनी वर्गणीची वही मागून घेतली. कोकणी किती देतो आणि घाटी किती देतो ते पाहू म्हटले. दोन रात्री वही चाळली. पाने पिवळी पडली आहेत, शाई फिकी झाली आहे. प्रत्येक ओळीत नाव, खोली नंबर आणि रक्कम. कुणी पगारातून दिले, कुणी बोनसमधून, एका बाईने भांडी विकून दिल्याची नोंद आहे. जिल्हा मात्र कुठल्याच ओळीत लिहिलेला नाही. ज्यांनी हा विहार बांधला त्यांना तो लिहावासा वाटला नाही.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!