आधी कीर्तन, मग छप्पर : गाडगेबाबांच्या कामाची वाटचाल

वैराग, बार्शी, माढा या पट्ट्यातल्या माणसाला पंढरपूर परके नाही. घरातले कोणी ना कोणी आषाढी-कार्तिकीला जातेच. पण चंद्रभागेच्या काठी गाडगेबाबांनी गरिबांसाठी जे उभे केले, त्याच्या मुळाशी दारूने मोडलेले एक घर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परटाच्या घरी डेबूजीचा, म्हणजे पुढच्या गाडगेबाबांचा, जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या नादाने गेले आणि आई सखूबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. डेबूजी मामाच्या शेतात राबत मोठा झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला भावकीने रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची अपेक्षा धरली, तर त्याने पानात गोडाधोडाचे वाढले. मंडळी रुसली, पण डेबूजी हलला नाही. मला तर या कामाचा आरंभ त्या पंगतीतच दिसतो. बापाला गिळणारी दारू आपल्या दारात येऊ द्यायची नाही, हे त्याने आधी स्वतःच्या घरात करून दाखवले.

१९०५ साली त्याने घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगे, हातात खराटा. गावात शिरले की बाबा आधी गटारे आणि रस्ते झाडत. गाव जमा झाले की रात्री कीर्तन. ते कीर्तन म्हणजे सवाल-जवाबच असे. दारू, कर्ज, देवापुढचे बकरे यांवर ते वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न टाकत आणि उत्तर समोरच्या अडाणी माणसाकडूनच वदवून घेत. चारचौघांत दिलेल्या त्या उत्तराचा धाक पिणाऱ्याला दुसऱ्या दिवशीही असे.

शब्दांनी पोट भरत नाही आणि डोक्यावर छप्परही येत नाही, हे बाबांना पक्के माहीत होते. म्हणून कीर्तनातून येणारा पैसा विटा-चुन्यात गेला. आधी ऋणमोचनला पूर्णेकाठी घाट झाला. मग पंढरपुरात, जिथे अस्पृश्य वारकऱ्याला कोणी ओसरी देत नव्हते, तिथे चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पुढे नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा झाल्या. आंधळ्या-पांगळ्यांसाठी अन्नछत्रे, मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे झाली. चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. उभारायचे आणि हात झटकून मोकळे व्हायचे, हा त्यांचा खाक्या होता. या इमारतींवर आपल्या घरच्यांचा हक्क त्यांनी कधी चालू दिला नाही. धर्मादाय संस्थेत पुढाऱ्याची पिढी बसली की आश्रिताची जागा आकसते, हे आपण आजूबाजूला पाहतोच.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी या साऱ्या कामाला श्री गाडगे महाराज मिशनचे रूप आले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ बाबा गेले, पण काम थांबले नाही. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घ्यायला खेड्यातून गेलेल्या कुटुंबाला मिशनच्या दादरमधल्या धर्मशाळेचे मोल विचारावे. मुंबईत ज्याचे कोणी नाही, त्याला तिथे अंथरूण आणि जेवण मिळते.

व्यसनमुक्तीच्या बाबतीत मात्र पुढचे पाऊल इतरांनी टाकले. १९५६ च्या नोव्हेंबरात बाबांनी वांद्र्यात कीर्तन केले होते. त्याच वांद्र्यात १९८१ मध्ये फादर जोसेफ परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. प्रार्थना, योगासने आणि व्यसनातून उठलेल्यांचा परस्परांना आधार ही त्यांची पद्धत. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचे 'मुक्तांगण' उभे राहिले. ते धार्मिक नव्हे, पण माया तीच. व्यसन हा आजार आहे आणि नुसत्या शपथेने तो बरा होत नाही, हे या दोन्ही संस्थांनी मराठी घरांना पटवले. शपथ, उपचार आणि बाहेर आल्यावर राहायला जागा व हाताला काम, यातले एक जरी तुटले तरी माणूस पुन्हा गुत्त्याकडे वळतो.

आपल्याकडे गावोगाव हरिनाम सप्ताह होतात. कीर्तनात माळ घालून दारू सोडणारे दोघे-चौघे असतातच. काल्याचा प्रसाद वाटून मंडप उतरला की त्यांची चौकशी कोण करतो? वैराग आणि आसपासच्या सप्ताह समित्यांना माझी विनंती आहे : वर्गणीतला थोडा भाग अशा माणसाच्या उपचारासाठी बाजूला काढा, त्याला घेऊन व्यसनमुक्ती केंद्रावर जा आणि तो परतला की त्याला मजुरीवर घ्या.