नाव एक, माणसे दोन

संत नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा या कवीचे अभंग मिसळले गेले, हे साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहेच. महाजालावर वंशवृक्ष मांडताना नामसाम्याची हीच गल्लत एका टिचकीसरशी होते.

परभणीचेच पाहू. 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. महसुली दप्तर बहुतांशी उर्दूत आणि सन फसली. फसली 1330 म्हणजे इसवी सन 1920-21. मधली 590 वर्षे मिळवायची राहिली, तर पणजोबा महंमद तुघलकाचे समकालीन ठरतात! पुढे 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे नामदेवांची नरसी जुन्या पुस्तकांत परभणीत, तर नव्या नकाशात हिंगोलीत सापडते.

हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. मराठवाड्यातील कुणबी नोंदींसाठी 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. जुनी नोंद आणि आजचा अर्जदार यांना जोडते ती वंशावळच. तीत एक नाव चुकले, तर एखाद्याचा हक्क हुकतो.

म्हणून प्रत्येक नावापुढे दप्तर, गाव व सन लिहावा, असे आम्ही सुचवितो. पुरावा नसेल तेथे, संपादक संशयित अभंग वेगळा ठेवतो त्याप्रमाणे, जागा मोकळी सोडावी.